धम्मानंद सरांची काळी काच

अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत, हे वाक्य धम्मानंद सर वसमतच्या एका ज्युनिअर कॉलेजात इतकी वर्षं शिकवत होते, की आता त्या वाक्याकडे त्यांचं स्वतःचंच लक्ष राहिलं नव्हतं. फळ्यावर खडूनं एक आडवी पट्टी काढायची, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग लिहायचे, तांबड्याच्या अलीकडे 'अवरक्त' असं लिहून खाली रेघ मारायची, की तास संपला. पण त्या दिवशी बारावीतल्या पुजानं हात वर केला.

"सर, दिसत न्हाईत तर हायेत कशावरून? तुमी पाह्यलेत का?"

वर्ग हसला. सरही हसले, पण ते नुसतं तोंडानं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून टीव्हीचा रिमोट नेला. रिमोटमधून निघणारे अवरक्त किरण मोबाईलच्या कॅमेऱ्यात दिसतात, असा साधा प्रयोग आहे. रिमोटचे सेल उतरलेले निघाले. वर्ग पुन्हा हसला, आणि घरी गेल्यावर सरिताबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, रिमोट कुठं गेला होता याचा जो तपास केला त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

सरांच्या कपाटात पहिल्या पगारातून घेतलेला जुना रोलचा कॅमेरा होता. मुलगा नसता जपला इतका त्यांनी तो जपला होता. अवरक्त किरण टिपणारा रोल अजून मिळतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यानं फोटो काढला की झाडाची पानं पांढरीशुभ्र येतात आणि निळं आभाळ काळं पडतं. पुजासमोर असा एक फोटो ठेवायचा, बस. रोल त्यांनी पुण्याहून मागवला आणि त्याची किंमत घरात कुणाला सांगितली नाही. राहिला फिल्टर. भिंगासमोर एक काळी काच लावावी लागते, जी दिसणारा सगळा उजेड अडवते आणि न दिसणारा तेवढा आत सोडते.

"ती काच मिक्सरच्या भांड्याहून महाग नसली पाह्यजे," सरिताबाई म्हणाल्या. मिक्सरचं भांडं दिवाळीपासून गळत होतं. त्या अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका होत्या आणि तालुकाभरच्या अंगणवाड्यांचा पोषण आहार एका ओळीत हिशेबाला बसवण्याची त्यांना सवय होती.

मग सर लग्नाची स्थळं पाहावीत तशा काचा पाहू लागले. जपानचं स्थळ उत्तम होतं. पण किंमत वाचून त्यांनी मोबाईल उलटा करून ठेवला. जर्मनीचं स्थळ त्याहून कुलीन होतं. चीनची स्थळं पुष्कळ होती, पण प्रत्येकाची तरंगलांबी वेगळी, गोलाई वेगळी, आणि खाली अभिप्राय लिहिणाऱ्यांत निम्मे म्हणत 'झकास', निम्मे म्हणत 'फसवणूक'. सर एका रविवारी सकाळी बसले ते जेवायलाही उठले नाहीत. माणसानं संसार मांडताना एवढा विचार केला नव्हता, असं सरिताबाई ताट झाकताना म्हणाल्या.

वसमतसारख्या गावात असा विचार एकट्यानं करता येत नाही. वेल्डिंगवाल्या संतरामनं दुकानातून हाक मारली. "सर, काळी काच पाह्यजे म्हणं? माझ्याकडची न्या. सूर्याकडं पाहा, डोळ्याला कायबी तकलीफ न्हाई."

सरांनी शांतपणे समजावलं, की वेल्डिंगची काच डोळे वाचवण्यासाठी नेमके हेच किरण अडवते.

"म्हंजे माझी काच खराब?"

"खराब न्हाई हो. इतकी चांगली हाय म्हणूनच चालत न्हाई."

संतराम त्यानंतर बोलायचा बंद झाला. शेजारचे ओमप्रकाश राठोड वीज मंडळात होते आणि त्यांना कुठल्याही विषयातलं थोडं थोडं कळायचं. ते भिंतीवरून एक मोठा एक्स-रे घेऊन आले. "हे घ्या. फुकटात काम. कापून लावा."

"राठोड, ह्यात चांदी असती. ह्यातून ते किरण जात न्हाईत."

"मंग मायचा गुडघा परत द्या," ओमप्रकाश म्हणाले आणि एक्स-रे घेऊन गेले. त्यांची आई भिकाबाई शिरड शहापूरकडच्या तांड्यावरून गुडघा दाखवायला आली होती आणि तो गुडघा आता कॉलनीत सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता.

शेवटी सरांनी मिक्सरच्या भांड्याच्या किमतीत बसणारं एक स्थळ पक्कं केलं. नावात 'इन्फ्रारेड' होतं, चांदण्या साडेचार होत्या. पार्सल आलं. सरांनी हात धुऊन ते उघडलं, आणि आत निघाली स्वच्छ, पारदर्शक, चष्म्यासारखी काच. खोक्यावर बारीक अक्षरांत 'इन्फ्रारेड'च्या पुढं 'कट' असा एक शब्द होता. म्हणजे ही काच बाकी सगळा उजेड आत सोडत होती आणि अवरक्त तेवढे अडवत होती. संतरामच्या काचेचीच गोरी बहीण.

सरांनी ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज हिंदीत म्हणाला, "सर, काँच टूटा हुआ है?"

"नहीं."

"उसमें से दिखता है?"

"हाँ, एकदम साफ दिखता है."

"तो प्रॉब्लम क्या है सर?"

"दिखता है, यही प्रॉब्लम है. मेरे को ऐसा काँच होना, जिसमें से कुछ नहीं दिखता."

मग तो आवाज आणखी गोड होऊन म्हणाला, "सर, घर में और कोई है बात करने के लिए?"

सरिताबाईंनी फोन घेतला. त्यांनी काय सांगितलं ते सरांना कळलं नाही, कारण त्या स्वयंपाकघरात जाऊन बोलल्या. पण काच परत गेली, दुसरी आली, आणि ती खरोखरच काळीकुट्ट होती. डोळ्याला लावली तर दिवसाढवळ्या अमावास्या. सरांना इतका आनंद झाला की ती कॅमेऱ्याच्या भिंगापेक्षा एक बोटभर मोठी आहे, हे त्यांनी मनावरच घेतलं नाही. ओमप्रकाशांकडून वायरची काळी चिकटपट्टी आणली आणि काच गुंडाळून भिंगावर बसवली.

ओमप्रकाशांनी काच आधी डोळ्याला लावून पाहिली होती. "सर, फसवलं तुमाला. ह्यातून कायच दिसंना."

"हीच बराबर हाय," सर अंगणात उभं राहून म्हणाले. त्या वेळी शेजारपाजारच्या चार बायका धुणं वाळत घालत होत्या, आणि सरांना शिकवायची सवय असल्यामुळे त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. "जे आपल्या डोळ्याला दिसत न्हाई, ते सगळं ह्या काचेतून कॅमेऱ्याला दिसतं!"

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

त्या रविवारी ते एकटेच वसमतबाहेर गेले. तिपाईवर कॅमेरा ठेवून त्यांनी कडुनिंब काढले, हळदीचे हिरवे पट्टे काढले, कालव्याकाठची बाभूळ काढली. काच काळी असल्यामुळे कॅमेऱ्यातून काही दिसत नाही. आधी काच काढून नेम धरायचा, मग पट्टी गुंडाळून काच लावायची, मग शटर उघडून बराच वेळ श्वास धरायचा. असा अर्धा रोल भरला. घरी येताना ते गाणं गुणगुणत होते.

सोमवारी समोरच्या घराच्या खिडक्यांना पडदे लागलेले दिसले. मंगळवारी बाजूच्या घरालाही. कॉलेजात मुली व्हरांड्यातून जाताना वह्या छातीशी धरून, भिंतीला घासून जाऊ लागल्या. रसायनशास्त्राच्या ज्योती मॅडम एरवी प्रयोगशाळेतही न घालणारा पांढरा कोट स्टाफरूममध्ये घालून बसल्या. संतराम दुकानासमोर बनियनवर उभा होता. सर दिसताच त्यानं आत जाऊन शर्ट घातला.

बुधवारी सरिताबाई मीटिंगहून आल्या त्या पर्स न ठेवताच.

"अहो, तुमी काय पाहून राहिले?"

"काय?"

"गावात म्हणून राहिले, तुमच्या काचेतून कपड्याच्या आतलं दिसतं. राठोड भाऊजींनी मोबाईलवर तसला व्हिडिओ सगळ्यांला पाठवला. आज मीटिंगमधी एक बाई मला म्हणती, तुमाला घरात कसं वाटतं हो?"

"अगं, तू सांगायचं ना, तरंगलांबी जास्त असली की..."

"तरंगलांबी सांगू? बायकांच्या मीटिंगमधी?"

सर ओमप्रकाशांकडे गेले. ओमप्रकाश म्हणाले, "मी फक्त विचारलं होतं सर, असं असतं का म्हणून. खाली प्रश्नचिन्ह टाकलं होतं." आणि खरंच त्यांनी मोबाईल काढून प्रश्नचिन्ह दाखवलं. ते लहानसं होतं.

गुरुवारी प्राचार्यांनी बोलावलं. प्राचार्यांचे केस कावळ्याच्या पंखासारखे काळेभोर होते आणि ते बोलताना अधूनमधून त्यांवरून हात फिरवत. खोलीचं दार त्यांनी उघडंच ठेवलं, स्वतः टेबलाच्या पलीकडे, खुर्ची शक्य तितकी पुढं ओढून बसले.

"सर, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे," ते म्हणाले. असं वाक्य ज्याच्या वाट्याला आलं त्याचं पुढं काय होतं, हे सरांना सव्वीस वर्षांच्या नोकरीत माहीत झालं होतं. "पण संस्थेकडे तक्रार गेली आहे. समिती नेमावी लागेल. आपण जाहीर प्रात्यक्षिक करू. तुम्ही समितीसमोर फोटो काढायचे, समितीसमोर धुवायचे, समितीनं पाहायचे."

समितीत स्वतः प्राचार्य होते, ज्योती मॅडम होत्या, आणि नागरिकांचे प्रतिनिधी म्हणून ओमप्रकाश राठोड होते, कारण त्यांना या विषयातली माहिती होती.

शनिवारी दुपारी कॉलेजच्या मैदानावर कडुनिंबासमोर टेबल मांडलं. बरीच माणसं कुंपणाबाहेर उभी होती; जवळ यायला कुणी तयार नव्हतं, पण घरी जायलाही नव्हतं. सरांनी कॅमेरा तिपाईवर ठेवला. प्राचार्य म्हणाले, "आधी यंत्राची तपासणी." आणि सरांचा हात पोचायच्या आत त्यांनी भर उन्हात कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं.

सरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्याच भाषेतला नव्हता. त्यांनी धावत जाऊन झाकण लावलं.

"आत काही नाही. नुसती पट्टी आहे," प्राचार्यांनी निष्कर्ष सांगितला.

त्या पट्टीवर कडुनिंब होते. हळदीचे पट्टे होते. कालव्याकाठची बाभूळ होती. आता त्यावर फक्त शनिवारचं ऊन होतं. सर तिपाईला धरून उभे राहिले. आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायला आलो आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच गेलं, हे कुणाला सांगावं? सांगून समजणारं माणूस त्या मैदानावर एकही नव्हतं. डबीत गुंडाळलेला थोडा रोल अजून वाचला असेल, एवढीच आशा होती.

"चला, घ्या फोटो," प्राचार्य म्हणाले. पण उभं कोण राहणार? प्राचार्य राहिले, पण टेबलाच्या मागं, काळ्या कोटाची सगळी बटणं लावून. त्यांच्या आधी ओमप्रकाश उभे राहिले, जेवणाच्या डब्याची पिशवी कमरेपुढे धरून. फोटो निघेपर्यंत बराच वेळ हलायचं नव्हतं. दोघंही आपापल्या पाळीला असे ताठले होते जणू सुई टोचून घेत आहेत.

"आता एक महिला पाहिजे," प्राचार्य म्हणाले. "तक्रारीचं स्वरूपच तसं आहे."

ज्योती मॅडम म्हणाल्या, "माझं नाव समितीत सदस्य म्हणून आहे, नमुना म्हणून नाही." कुंपणाबाहेरच्या बायका दोन पावलं मागं सरल्या. तेव्हा झाडाच्या पाराला टेकून बसलेली भिकाबाई उठली. लेकाच्या गाडीवर ती दवाखान्यात निघाली होती आणि वाटेत या भानगडीत अडकली होती. आरशांची ओढणी, घेरदार घागरा, कोपरापर्यंत बांगड्या. काठी टेकत ती कॅमेऱ्यासमोर आली.

"माझा काढ रं मास्तर. ह्या वयात काय दिसायचं ते दिसू दे."

"माय!" ओमप्रकाश ओरडले.

"गप. गुडघ्याचा फोटो गावभर फिरवला तवा तुला लाज न्हाई वाटली?"

तिनं काठी बाजूला टेकवली, बांगड्या मागं सारल्या, दोन्ही हात पुढं घेतले आणि अशी निश्चल उभी राहिली की झाडाचं पान हललं, पण तिची ओढणी हलली नाही. सरांनी त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून शटर दाबलं.

मग फोटो धुण्याचा प्रश्न आला. रोल डब्यात भरताना अंधार लागतो. समितीनंही आत यायचं ठरलं, आणि मग ज्योती मॅडमनी विचारलं, "अंधारात? आपण सगळे?" प्राचार्यांनी केसांवरून हात फिरवला. अश्लीलतेच्या चौकशीसाठी स्त्री-पुरुषांनी अंधाऱ्या खोलीत कोंडून घेतलं असं संस्थेला कळवणं अवघड होतं. शेवटी असं ठरलं की सरांनी एकट्यानं आत जायचं आणि आत काही बदलाबदल होत नाही हे कळावं म्हणून सतत मोठ्यानं बोलत राहायचं.

"काय करून राहिले?" ओमप्रकाश बाहेरून विचारत.

"रोल काढून राहिलो!"

"आता?"

"गुंडाळून राहिलो!"

"थांबले काहून?"

"घाम पुसून राहिलो!"

रोल धुऊन, वाळवून निगेटिव्ह संगणकावर घेतली आणि समिती पडद्यासमोर बसली. आधीचा अर्धा रोल कोळशासारखा होता. मग ओमप्रकाश आले. त्यांचे कपडे जिथल्या तिथं होते, पिशवीही होती. फक्त चेहरा मेणाचा आणि डोळे दोन काळी भोकं. ओमप्रकाशांनी पाणी मागितलं.

मग प्राचार्य आले. कोट होता, बटणं होती. मागचा कडुनिंब चांदण्यासारखा पांढरा फुलला होता, आणि त्याच्याइतकेच पांढरे, अगदी कापसासारखे, प्राचार्यांचे केस होते. डोळ्याला काळा दिसणारा कलप या किरणांना दिसत नाही, हे सरांनाही तेव्हाच कळलं. ज्योती मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. प्राचार्यांचा हात केसांपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"पुढचा," ते म्हणाले.

पुढचा भिकाबाईचा होता. ओढणी होती, घागरा होता, आरसे चमकत होते. पण सगळ्यांनी पाहिले ते तिचे हात. उन्हानं, वयानं काळवंडलेल्या, सुरकुतलेल्या त्या हातांवर कधी काळी गोंदलं होतं हे कुणाच्या लक्षातही येत नसे. पडद्यावर ते हात गोरे होते आणि मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण असं ठसठशीत उमटलं होतं जणू काल संध्याकाळी टोचलं आहे. टिंबांच्या ओळी, एक विंचू, तीन पानांची डहाळी, अंगठ्यापाशी छोटी चांदणी.

भिकाबाई पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"हे याडीनं गोंदवलं," ती म्हणाली. याडी म्हणजे तिची आई. "मी रडत व्हते, तिनं मांडीवर डोकं धरलं माझं. ही चांदणी मीच मागितली व्हती. मला वाटलं मिटली." आणि ती पडद्यावरच्या हातावरून बोट फिरवत राहिली. ओमप्रकाश आईकडे असे पाहत होते, जणू हे हात त्यांनी आधी कधी पाहिलेच नव्हते.

समितीनं सरांना निर्दोष ठरवलं. प्राचार्यांनी निकालाखाली सही करताना मान वर केली नाही, आणि पुढच्याच आठवड्यात सरांना औंढ्याच्या केंद्रावर परीक्षेची ड्युटी लागली, रोज एसटीनं जाऊन येण्याची. बदनामी मिटली असं मात्र झालं नाही. ती फक्त खोल गेली. कपड्यातून नाही, कातडीतून दिसतं, असं आता गाव म्हणू लागलं. एक गृहस्थ जावयाच्या केसांची खात्री करायला फोटो घेऊन आला. संतरामनं निरोप पाठवला, कंबर दुखते, आत काय आहे तेवढं पाहून सांगा. सरिताबाई दार उघडायच्या आणि काही न ऐकता लावून घ्यायच्या. गळकं भांडं तसंच होतं. रोल संपला होता, आणि दुसऱ्या रोलचं नाव घरात काढण्याची सरांची छाती नव्हती. झाडांचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. पुजानं परत विचारलं नाही. बारावीची परीक्षा जवळ आली होती, आणि अवरक्तवर दोनच मार्कांचा प्रश्न येतो.

एका सुट्टीच्या सकाळी भिकाबाई काठी टेकत अंगणात आली. सरांनी तिला फोटो कागदावर काढून दिला होता. तो तिनं ओढणीत गुंडाळून आणला होता.

"मास्तर, ती काच दाव मला."

सरांनी काच दिली. तिनं ती डोळ्याला लावली, दुसरा हात उन्हात धरला आणि बराच वेळ पाहिलं.

"अंधार हाय की रं नुसता."

"व्हय आजी. डोळ्याला त्यातून दिसत न्हाई."

"तुला तरी दिसलं व्हतं का? हात, गोंदण, काय?"

"न्हाई. मलाबी कायच न्हाई दिसलं."

भिकाबाईनं काच ओढणीनं पुसून परत दिली. मग भिंतीकडे वळली. तिथं ओमप्रकाश आणि आणखी दोघं-तिघं काही ऐकत नसल्यासारखे उभे होते.

"ऐकलं का रं?" ती कडाडली. "उगं बोंबलत व्हता सगळे! ह्या मास्तरला कायच दिसत न्हाई!"

सरांचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत त्यांच्या बाजूनं, एवढ्या मोठ्या आवाजात, कुणी पहिल्यांदा बोललं होतं. कॉलनीच्या शेवटच्या घरापर्यंत ते ऐकू गेलं. आणि सर डोळे पुसतानाही लोकांनी पाहिलं.

संध्याकाळी समोरच्या घराचे पडदे उघडलेले होते. सूर्य मावळायच्या आत चौघं जण आले. पुढं संतराम होता, हातात केळी. "सर, कळलं आमाला," तो हळू आवाजात म्हणाला. "त्या काचेनंच गेले म्हणं डोळे. दोन्ही गेले का एक हाय?"

सरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात सरिताबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. या महिनाभरात त्यांनी इतक्या मायेनं हात ठेवला नव्हता.

"या, बसा," त्या पाहुण्यांना म्हणाल्या, आणि सरांच्या कानाशी वाकून पुटपुटल्या, "हेच बरं हाय. गप बसा."

मग त्या चहा घेऊन आल्या. सर्वांनी कप उचलले आणि सरांकडे पाहू लागले. अवरक्त ते जांभळा सगळं पाठ असलेल्या त्या माणसानं क्षणभर विचार केला, एक लांब सुस्कारा सोडला, आणि आपला हात कपाच्या जरा बाजूला नेऊन चाचपू लागला.